मापाऱ्याचा माऊस

माझ्या वडिलांचा हात थरथरतो, हे शेलूबाजारात ठरलं तेव्हा कुणीही त्यांचा हात पाहिला नव्हता. ठरलं ते एका गुरुवारी सकाळी, जीप स्टँडसमोरच्या ऑनलाइन केंद्रात, आणि दुपारपर्यंत बाजारभर झालं. मला कळलं ते दवाखान्यात, ड्रेसिंग करून घ्यायला आलेल्या एका बाईकडून. "सिस्टर, तुमच्या बाबाले कंपवात झाला म्हंतेत?" मी नर्स आहे. माझ्याच बापाचा आजार मला पेशंटनं सांगावा याचा राग मला अजून येतो, आणि हे लिहिताना तो लपवायचा माझा विचार नाही.

माझे वडील शेषराव भगत. वय त्रेसष्ट. एकतीस वर्षं ते शेलूबाजारच्या यार्डात मापारी होते. मापारी म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर घालून मोजणारा माणूस. विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे, आणि मधे काट्यापाशी बाबा. दोघांचाही डोळा त्यांच्या हातावर. त्या हातावर एकतीस वर्षांत कुणी बोट ठेवलं नाही, हे मी मुलगी म्हणून नाही सांगत. बाजारात कुणालाही विचारा. निदान त्या गुरुवारपर्यंत तरी विचारता आलं असतं.

त्यांचे काही नेम होते. सकाळी पहिलं पोतं चढवायच्या आधी रिकामा काटा बघायचा. एक पारडं जराही खाली असेल तर त्याला पासंग म्हणतात. तो काढल्याशिवाय मापाला हात लावायचा नाही. शंका आली तर तेच पोतं दुसऱ्या काट्यावर घालायचं. वारा सुटला की माप थांबवायचं, मग गाड्यांची रांग फाट्यापर्यंत का जाईना. आणि मोजताना 'एक' म्हणायचं नाही. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. जुने मापारी सगळे असंच मोजत. आम्ही भावंडं शाळेत जायच्या आधीच बाबांच्या मोजणीतून अंक शिकलो होतो, त्यामुळे पहिलीत बाईंनी 'एक' लिहायला सांगितला तेव्हा मी म्हटलं होतं, बाई, लाभ कुठं गेला?

पुढं आकडे दाखवणारे काटे आले. बटण दाबलं की वजन दिसतं. त्याला मापाऱ्याचा हात लागत नाही. बाबा घरी बसले. दोन महिने बसले आणि तिसऱ्या महिन्यात स्वतः जाऊन कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घालून आले. सत्तावन्न वर्षांचे होते. वर्गातली बाकीची पोरं त्यांच्या नातवाच्या वयाची. पहिल्या दिवशी सरांनाच वाटलं, हे कुणाला तरी सोडायला आले आहेत. परीक्षेत मात्र मराठी टंकलेखनात बाबा पहिले आले, आणि ते प्रमाणपत्र आईनं बुद्धाच्या फोटोशेजारी लावलं. अजून तिथंच आहे.

मग अर्हमनं त्यांना आपल्या केंद्रात घेतलं. अर्हम म्हणजे धान्याच्या आडतीवाल्या पन्नालालजींचा नातू, सव्वीस वर्षांचा, हुशार, गोड बोलणारा. दोन लॅपटॉप, एक झेरॉक्स, एक प्रिंटर. डावीकडच्या खुर्चीवर तो, उजवीकडच्या खुर्चीवर बाबा. वर्षभरात लोक उजव्या खुर्चीसाठी थांबायला लागले. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून येणारे तर जीपमधून उतरल्या उतरल्या विचारत, "मापारीबाबा हायेत ना?" कारण बाबा फॉर्मची प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून दाखवत, 'व्हय' म्हणवून घेत आणि मगच बटण दाबत. अर्हमचे पाच फॉर्म होत तेव्हा बाबांचे दोन. पण अर्हमकडं चुका दुरुस्त करायला येणारेही तितकेच असत. त्या चुकांना मात्र नाव होतं: 'सर्व्हर डाऊन'. तरण्या माणसाच्या हातून चुकलं की सर्व्हर डाऊन, म्हाताऱ्याच्या हातून चुकलं की हात थरथरतो. हा न्याय कुठल्या कोर्टातला आहे, मला कुणी तरी सांगा.

आता माऊसचं सांगते.

मागच्या दिवाळीत मी अकोल्याला प्रशिक्षणाला गेले होते. केंद्रातल्या जुन्या माऊसची वायर बाबांच्या कागदांत सारखी अडकायची. लॅपटॉपला खाली बोटानं चालवायची पाटी असते, पण पोत्यांच्या सुतळीनं बाबांच्या बोटांची कातडी जाड झाली आहे. त्या पाटीला त्यांचं बोट कधी कळतं, कधी कळत नाही. तिचं बटण दाबता येतं, पण बाण नेमका नेता येत नाही. म्हणून मी त्यांच्यासाठी बिनवायरचा माऊस घेतला. बसस्टँडबाहेर टोपलीत दहावीस माऊस ठेवून एक जण बसला होता. "चालते का हो?" मी विचारलं. "चालते ना मॅडम," तो म्हणाला. माझी बस लागली होती. मी घेतला.

बाबांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "ह्याले शेपूटच नाई. बांडा उंदीर हाये हा तं!" असं म्हणून हसले, आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात येईल त्याला दाखवत सुटले. "पोरीनं आणला." माझी कॉलर ताठ झाली होती, खोटं कशाला बोलू.

जुलैत कॉलेज प्रवेशाचे फॉर्म सुरू झाले. मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरचा रूपला आपल्या मुलीला, जमुनाला घेऊन आला. बारावीत तिला शहात्तर टक्के. रूपला आणि त्याची बायको दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. घराला कुलूप लागतं. त्यामुळे मुलीला वाशिमला कॉलेजात घालायचं तर वसतिगृह हवंच. नाहीतर तीही उसाच्या फडात. बाबांनी ओळ न् ओळ वाचली. 'वसतिगृह हवे' या चौकोनावर क्लिक केलं. टिक आली. आलेली त्यांनी पाहिली. पुढची ओळ वाचायला नजर कागदाकडं वळली, तेवढ्यात ती गेली. गेलेली कुणी पाहिली नाही. छापलेली प्रत घडी होऊन रूपलाच्या खिशात गेली.

यादी लागली. जमुनाला प्रवेश होता, वसतिगृह नव्हतं. त्या गुरुवारी सकाळी रूपला आला. भांडायला नाही. तो दाराशीच उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, पोरीले आता माह्यासंगं न्या लागते का?"

बाबांनी फॉर्म उघडला. चौकोन कोरा. ते काही बोलायच्या आत अर्हम म्हणाला, "काका, वाईट नका मानू. तुमचा हात थरथरते आता. मागच्या हप्त्यातही दोन फॉर्म असेच गेले. तुमी आराम करा थोडे दिवस." दुरुस्तीसाठी सोमवारचा एकच दिवस होता. "सोमवारी हिचा फॉर्म मी सोता भरतो," तो रूपलाला म्हणाला.

अर्हम ओरडला असता तर मला चाललं असतं. ओरडणाऱ्याला उलट बोलता येतं. पण 'आराम करा' म्हणणाऱ्याला काय बोलणार? माणसाला खुर्चीवरून उठवायचं आणि वर त्याच्याकडून आभारांचीही अपेक्षा ठेवायची! बाबा उठले. माऊस त्यांचा स्वतःचा, म्हणून रुमालात बांधून खिशात घातला आणि निघाले. बाहेर नेहमीच्या टपरीवर चहा मागितला. चहावाल्यानं अर्धा कप दिला. "सांडला तं पोळते, बाबा," म्हणाला. दहा पावलांवर, दहा मिनिटांत ही बातमी पोचली होती. केंद्रातलं इंटरनेट त्याच्या निम्म्या वेगानं चालत असतं तर जमुनाचा फॉर्म कधीच दुरुस्त झाला असता.

मी घरी आले तेव्हा बाबा पलंगावर बसून उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडं बघत होते. आई, लिलाबाई, पीठ मळत होती आणि एकटीच भांडत होती. "हात थरथरते म्हंतेत! काल माह्या सुईत दोरा कोनं घातला? मले तं सुईचं भोकच दिसत नाई. ह्याईनं एका झटक्यात घातला."

आईचं ऐकायला हवं होतं. पण मी शिकलेली. आम्हाला शिकवलं होतं की बारीक थरथर डोळ्यांना दिसत नसेल तर पेशंटला हात समोर धरायला लावून वर कागद ठेवायचा. कागदाच्या कडा सांगतात. मी रजिस्टरचा एक कागद काढला. "बाबा, जरा हात पुढं करा बरं, बोटांवरची ही सूज बघते," असं काहीतरी बोलले आणि कागद त्यांच्या हातावर ठेवला. कडा हलल्या. थोड्याच, पण हलल्या. मी कागद उचलला. "काही नाही," मी म्हणाले आणि मोरीकडं गेले. तिथं मी रडून घेतलं. म्हणजे बाजारानं न बघता जे ठरवलं होतं, ते मी बघून ठरवलं.

शुक्रवारी बाबा घराबाहेर पडले नाहीत. शनिवारी माझी सकाळची पाळी होती. अडीचला घरी आले तर घरातून मोजणी ऐकू येत होती. माझा लॅपटॉप उघडा, त्याला तो बांडा उंदीर लावलेला, आणि समोर बाबा नाही, आई! हाताला हळद, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आयुष्यात तिनं पहिल्यांदा माऊस धरला होता. बाबा बाजूला उभे राहून मोजत होते, "...सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकुनपन्नास, पन्नास. थांब. काय दिसते?"

"अठ्ठावन," आई म्हणाली.

मला काही कळेना. बाबांनी मला बसवलं आणि दाखवलं. लॅपटॉपवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये शून्य अधिक एक करायचं आणि मग बरोबरच्या खुणेवर क्लिक करत जायचं. दर क्लिकला आकडा एकानं वाढतो. पन्नास क्लिकला पन्नास यायला हवेत. त्यांनी माऊसनं पन्नास केले, साठ आले. "मले वाटलं, हातच गेला," ते म्हणाले. "मंग म्हटलं, काटा बदलून पाहू. पोतं तेच." काटा बदलला म्हणजे माऊस बाजूला ठेवला आणि त्याच हातानं लॅपटॉपच्या पाटीचं बटण पन्नास वेळा दाबलं. बरोबर पन्नास. मग पोतं बदललं: आईला माऊसवर बसवलं. अठ्ठावन्न.

"हा एकाचे दोन करते," बाबा म्हणाले. "टिक देते आन् लगेच काढून घेते. पासंग ह्याच्यात हाये, दीपा. माह्या हातात नाई."

ते हे आनंदानं म्हणाले. मला आनंद झालाच नाही. मला आधी तो टोपलीवाला आठवला, मग अर्हम, मग चहावाला, आणि सगळ्यांच्या शेवटी मी. टोपलीवाल्याला मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाहीत.

रविवारी सकाळी विहारात वंदनेनंतर तीन जणांनी बाबांना विचारलं, हात कसा आहे? बाबांनी तिघांनाही 'बरा हाये' म्हणून सांगितलं. मी बोलायला तोंड उघडलं तर मला थांबवलं. "तोंडानं काटा खरा होत नाई. चाल, वाशिमले जाऊ. खरा माऊस आनू."

लॅपटॉप पिशवीत घेऊन आम्ही वाशिमला गेलो. पाटणी चौकापासून चालत एका दुकानात शिरलो. दुकानदारानं काचेच्या काउंटरवर तीन डबे ठेवले. "कोणताही घ्या काका, तिन्ही चालते."

"चालते म्हंजे?" बाबांनी विचारलं.

"चालते म्हंजे चालते!"

आपल्याकडचा हा शब्द मला आता ऐकवत नाही. काम करतं तेही चालतं आणि भागून जातं तेही चालतं. विकणारा भागून जाण्याचं बोलतो, घेणारा काम करण्याचं ऐकतो, आणि या दोन 'चालतें'च्या मधल्या खड्ड्यात जमुनासारखी पोरगी पडते.

बाबांनी स्टूल ओढलं. पहिला माऊस लावला, कॅल्क्युलेटर उघडला. "लाभ... दोन... तीन..." दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. शंभर म्हणताच आकडा शंभर. मी म्हटलं, झालं. बाबा हललेच नाहीत. हात मांडीवर ठेवून दहा मिनिटं स्वस्थ बसले. मग पुन्हा मोजलं. नव्व्याण्णव. सोडून दिलं की तो माऊस झोपत होता आणि जागा होताना एक क्लिक खात होता. फॉर्म भरताना माणूस कागद वाचतो, विचारतो, थांबतो. म्हणजे ओळीगणिक तो एक खाणार. "वाढवते तोही चोर, खाते तोही चोर," म्हणून बाबांनी तो डब्यात घातला. दुसऱ्यानं शंभरला शंभर दिले, झोपूनही दिले, पण काचेवर त्याचा बाण इकडून तिकडं उड्या मारत होता. केंद्रातल्या टेबलावर काचच आहे.

"काका," दुकानदाराचा धीर सुटला, "माऊस घेऊन राह्यले का सोयाबीन मोजून राह्यले?"

"दोन्ही एकच हाये, भाऊ," बाबा म्हणाले आणि तिसरा लावला.

तिसरा त्यांनी काचेवर चालवला, लाकडी स्टुलावर चालवला, माझ्या पिशवीवर चालवला. दोनदा शंभर मोजले. लॅपटॉप काउंटरवर ठेवून माऊस घेऊन दुकानाच्या दारापर्यंत गेले, मी पडद्यावरचा बाण बघून ओरडले, "हलला!" त्याची लॅपटॉपला लावायची ती इवलीशी गुंडी हरवू नये म्हणून ठेवायला पोटात खाच आहे का, ते पाहिलं. सेल कुठला लागतो ते पाहिलं. साधा, आमच्या किराणा दुकानात मिळतो तो. बिघडला तर बदलून देण्याचा कागद शिक्का मारून घेतला. आम्ही निघालो तेव्हा दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही घेतला तसलाच डबा दाखवत होता. "हा घ्या. मोजलेला हाये," असं मी माझ्या कानांनी ऐकलं.

सोमवारी मी रजा टाकली. बाबा नको म्हणत होते, पण मी ऐकणार नव्हते. केंद्रात अर्हम होता, रूपला आणि जमुना बाकावर बसले होते, आणि दाराशी खुर्ची टाकून पन्नालालजी पेपर वाचत होते. वय ब्याऐंशी; आडतीवर आता मुलगा बसतो, म्हणून ते नातवाकडं बसतात.

बाबांनी रुमाल सोडला. दोन माऊस टेबलावर ठेवले. "अर्हम, माहा हात तपासून घे," एवढंच म्हणाले.

आधी जुना लावला. "लाभ... दोन... तीन..." पन्नास म्हणाले तेव्हा पडद्यावर एकसष्ट होते.

अर्हम हळूच हसला. "काका, तुमी पहिला मोजलाच नाई ना. एक म्हटलंच नाई. लाभ लाभ करता आन् मंग दोन. इथंच गडबड हाये. विसरायले होते वयामुळं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हात झाला, आता डोकं! मी बोलणार तोच दाराशी पेपर आपटल्याचा आवाज आला.

"अर्हम!" पन्नालालजी उठले होते. "लाभ म्हंजेच एक. धान्याच्या घरात जलमला आन् तुले लाभ माहीत नाई? अरे, ह्या हातानं माहा काटा बंद पाडला होता भरबाजारात! सहा पोते मोजून झाल्यावर म्हने, शेठ, पासंग हाये, पह्यल्यापासून मोजा लागते. मले मालूम नव्हतं, दांडी घासली होती. त्या दिवशी लई तोंड सोडलं मी ह्याच्यावर. दुसऱ्या दिवशी दांडी बदलली. हात ह्याचा खराच होता." मग नातवाच्या खांद्यावर काठी टेकवली. "तू बस. तू मोज."

अर्हम बसला. त्याच जुन्या माऊसवर पन्नास क्लिक. मोजले जमुनानं, स्पष्ट आवाजात, एकपासून. आकडा आला अठ्ठावन्न.

"काहून रे," पन्नालालजींनी विचारलं, "तुहाही हात थरथरते का?"

रूपला खो खो हसला. मी हसले नाही. बाबांनी नवा माऊस लावला, पन्नासला पन्नास दाखवले आणि खुर्चीवर बसले. जमुनाचा फॉर्म उघडला. ओळ न् ओळ वाचली. 'वसतिगृह हवे.' क्लिक. टिक आली. या वेळी ते तिच्याकडं बघत राहिले, आम्ही सगळेच बघत राहिलो. टिक राहिली. फॉर्म गेला. प्रत निघाली तेव्हा त्यांनी तीही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि रूपलाला म्हणाले, "माऊस खोटा होता, पन छापल्यावर वाचलं नाई, ते माही चूक. ध्यानात ठेवजो." इतक्या जणांत स्वतःची चूक कबूल करणारा एकटा तो माणूस, ज्याला सगळ्यांनी मिळून चुकीचा ठरवला होता.

"चला, माऊसच खराब होता," अर्हम म्हणाला. "सोडा आता काका."

"का सोडायचं?" मी म्हटलं. "तू स्टँडभर सांगितलं होतंस. आता स्टँडभर सांग." तो लाल झाला. उठला, दारात गेला आणि टपरीकडं बघून ओरडला, "काकाले चहा दे! आन् पूरा कप भर!" माफी म्हणून हे फार थोडं होतं, हे माझं मत आजही आहे. बाबांना मात्र पुरलं. काठोकाठ भरलेला कप आला. त्यांनी तो उचलला आणि शांतपणे प्यायले. बशी कोरडी राहिली.

परत येताना रस्त्यानं आम्ही दोघंच होतो. मला एक गोष्ट राहून राहून टोचत होती. "बाबा," मी विचारलं, "एकतीस वर्षं रोज सकाळी रिकामा काटा बघितलात. कालच्या दुकानात तीन माऊस तासभर तपासलेत. मग हा जुना आठ महिन्यांत एकदाही कसा नाही तपासला?"

ते चालता चालता म्हणाले, "तू आनला होता ना."

"म्हणजे?"

"घरच्या मान्साचा काटा कोनी तपासते का? पह्यले मले माहा हात खोटा वाटला. तुहा माऊस खोटा असंन, हे मनातच नाई आलं."

त्यांनी माझी वस्तू तपासली नव्हती आणि मी त्यांचा हात कागद ठेवून तपासला होता. सूज बघते म्हणून, खोटं बोलून. बाजाराला मी चार दिवस शिव्या देत होते, पण बाजारानं निदान कागद तरी ठेवला नव्हता.

फाटा ओलांडून आम्ही आमच्या गल्लीत वळलो. बाबा थांबले. चपलेत खडा गेला होता, तो वाकून काढला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "गुरुवारी तू कागद ठेवला, तवा पंखा सुरू होता. वाऱ्यात काटा पाहू नाई, दीपा."

आणि पुढं चालायला लागले.

घरी पोचल्यावर मी आधी पंखा बंद केला. "एवढी गरमी होऊन राह्यली आन् पंखा काहून बंद करतं?" आई आतून ओरडली. मी बटणावर हात ठेवून तशीच उभी राहिले. मागून येऊन बाबांनीच तो पुन्हा लावला.